खिशातला घडीचा चाकू घेताना या चुका टाळा

पहिली चूक दुकानात पाय ठेवायच्या आधीच होते. आपण रोज नेमकं काय कापतो, याचा विचारच केलेला नसतो. मराठवाड्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, ये-जा असणाऱ्याची कामं ठरलेली: खताच्या पोत्याची शिवण, बारदानाची सुतळी, ठिबकची लॅटरल (पिकाच्या ओळीतली नळी), वायरचं आवरण, जालन्याकडं असाल तर मोसंबी. याला अडीच-तीन इंचाचं साधं पातं भरपूर झालं. तरी बाजाराच्या दिवशी हात जातो तो अर्ध्या पात्याला करवतीचे दाते असलेल्या काळ्या चाकूकडं. दाते सुतळीला बरे, पण सपाट दगडावर त्यांना धार लागत नाही आणि मोसंबीचा तर चोथाच होतो.

दुसरी चूक बोटावर बेतते. काही चाकूंत पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडं राहतं, लॉक नसतो. कापायला असा चाकू चांगलाच, पण टोक खुपसलं की पातं मिटून थेट बोटांवर येतं. ठिबकच्या नळीला चाकूनं भोक पाडणारे असेच हात कापून घेतात; त्याला पंच मिळतो, तो वापरा. लॉकवाला घेत असाल तर दुकानातच तपासा. पातं उघडा, बोटं त्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर दाबा. लॉक सरकला तर तो चाकू परत ठेवा, मग किंमत कितीही कमी असो.

पातं उघडल्यावर आडवं हलवूनही बघा. खेळ असेल आणि सांध्याला स्क्रू असेल तर थोडाथोडा आवळून काम भागतं. रिव्हेट (ठोकून बसवलेली पिन) असेल तर हातोडी मारू नका, पातं जाम होतं.

बटण दाबताच उडणारं पातं मिरवायला ठीक, कामाला नाही, आणि पोलिसांपुढं ‘शेतीसाठी आहे’ हे पटवणं अवघड. परवाना लागणाऱ्या हत्यारांसाठी शस्त्र नियमांत पात्याची ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मर्यादा आहे. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. म्हणून छोटा चाकू कुठंही चालतो असं मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. मोर्चाला किंवा कोर्टात जाताना चाकू घरीच ठेवा. चिकलठाण्याहून विमान पकडायचं असेल तर तो चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको.

धार गेली म्हणून चाकू फिरत्या चाकावर देणं ही महागातली चूक. ठिणग्या उडता उडता कड निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. पुढं धार टिकत नाही. दगड ओला करून, पातं साधारण २० अंशांत धरून दोन्ही बाजूंनी सारखं घासा. दगड नसला तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडही चालते. मातीत पडलेली नळी आधी पुसून कापली तर धार लावायची वेळच उशिरा येते.

स्टेनलेस म्हणून निर्धास्त राहू नका. मोसंबीचा रस तसाच राहिला तर त्यावरही डाग पडतात. पातं घट्ट चालत असेल तर बहुधा सांध्यात धूळ बसलेली असते: धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. गोडेतेल नको, ते चिकट होऊन आणखी धूळ धरतं.