आय-स्कझीसाठी दोन कार्डं, पण वाटा वेगळ्या

दोन नेटवर्क कार्डं एकाच व्हीस्विचवर (सर्व्हरमधला आभासी स्विच) टाकून टीमिंग केलं, म्हणजे त्यांची जोडी बांधली, की स्टोरेजची सोय झाली, असं बरेच जण धरून चालतात. व्हीएमवेअर ईएसएक्सआयवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) आय-स्कझीच्या, म्हणजे नेटवर्कवरून स्टोरेजपर्यंत जाणाऱ्या, वाटा मल्टिपाथिंग सांभाळतं, आणि त्याला दोन स्वतंत्र वाटा दिसाव्या लागतात. नवा होस्ट, म्हणजे ईएसएक्सआय चालवणारा सर्व्हर, लावताना माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो जायलाच हवा.

एक पोर्ट मदरबोर्डवरचा घ्या, दुसरा वेगळ्या पीसीआय कार्डावरचा. म्हणजे एक कार्ड गेलं तरी एक वाट उरते. केबलीही दोन वेगळ्या स्विचमध्ये.

आता दोन पोर्टग्रुप (व्हीस्विचवरचे पोर्टांचे गट) आणि प्रत्येकात एक व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टचा स्वतःचा, आयपी पत्ता असलेला पोर्ट). माझ्याकडे १९२.१६८.५०.११ आणि १९२.१६८.५०.१२, स्टोरेजही त्याच सबनेटमध्ये. फेलओव्हर ऑर्डरमध्ये पहिल्या पोर्टग्रुपला एकच कार्ड 'ॲक्टिव्ह' ठेवा आणि दुसरं थेट 'अनयूज्ड'मध्ये ढकला. दुसऱ्या पोर्टग्रुपला बरोबर उलट. कार्ड 'स्टँडबाय'मध्ये राहिलं तर तो पोर्ट बाइंडिंगला, म्हणजे आय-स्कझी ॲडॅप्टरशी बांधायला, चालत नाही. मग सॉफ्टवेअर आय-स्कझी ॲडॅप्टर सुरू करून दोन्ही पोर्ट बाइंड करा, डायनॅमिक डिस्कव्हरीत स्टोरेजचा पत्ता द्या (पोर्ट ३२६०) आणि रीस्कॅन. स्टोरेजचे पोर्ट दोन वेगळ्या सबनेटमध्ये असतील, तर मात्र बाइंडिंग करू नका.

जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) वापरणार असाल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० व्हीस्विच, व्हीएमकर्नल पोर्ट आणि स्टोरेज, सगळीकडे हवा. मधल्या स्विचवर किमान तेवढा. एक जागा जरी सुटली तरी लॉगिन होतं, लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दिसतो, आणि मोठं रायटिंग सुरू झालं की सगळं अडकतं. साध्या पिंगवर विसंबू नका. व्हीएमकेपिंग (ईएसएक्सआयवरची पिंगची आज्ञा) चालवा: इंटरफेस नेमून द्या, पॅकेट तोडायला मनाई करा, आकार ८९७२ ठेवा. उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरला जातात. दोन्ही व्हीएमकर्नल पोर्टांवरून स्वतंत्रपणे तपासा.

पाथ पॉलिसी बहुतेक वेळा राउंड रॉबिन, म्हणजे वाटा आळीपाळीने वापरणं. तरी स्टोरेज कंपनीची शिफारस आधी वाचा.

प्रत्यक्ष काम टाकण्याआधी एखाद्या व्हीएममध्ये मोठी फाइल कॉपीला लावा आणि एक केबल उपसा. कॉपी थोडी थबकून पुढे सरकली पाहिजे. ती केबल परत लावा, वाट पुन्हा 'ॲक्टिव्ह' दिसेपर्यंत थांबा, आणि मग दुसरी उपसा.