सेट या एका शब्दाचे ढीगभर अर्थ डोक्यात कसे बसवायचे

मी पुण्यात वारज्याला संध्याकाळी ७ ते साडेआठ इंग्लिश बोलायची बॅच घेते. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, कुणी साइटवर सुपरवायझर, कुणी मेडिकलच्या काउंटरवर, दोघी जणी पोळीभाजी केंद्र चालवतात, आणि सगळ्यांची तक्रार एकच की मॅडम शब्द पाठ केला तरी दरवेळी अर्थ वेगळाच निघतो. त्यातही सेट सगळ्यात वाईट. कारण तो आपल्याला येतो असं वाटत असतं, रोज तोंडात असतो ना.

मागच्या वर्षी सिव्हिलचा डिप्लोमा झालेला एक मुलगा बॅचला होता. नोकरी लागली, जॉइन होण्याच्या आदल्या आठवड्यात ऑफिसमधून फोन आला, समोरची बाई म्हणाली, "सो, आर यू ऑल सेट फॉर मंडे?" याच्या हातात तेव्हा सर्टिफिकेटांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. तो म्हणाला, "नो मॅडम, ओन्ली वन सेट." समोरून ओके म्हणून फोन ठेवला आणि त्याचं जॉइनिंग आठवडाभर पुढे गेलं, त्यांना वाटलं हा तयार नाही. पोरगं रडकुंडीला आलं होतं, आठवड्याचा पगार गेला तो वेगळाच. तेव्हापासून मी हा शब्द पहिल्याच आठवड्यात घेते आणि ज्या पद्धतीने घेते तीच इथे लिहितेय, कारण घरबसल्या कुणालाही करता येईल अशी आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की सगळे अर्थ पाठ करायचेत. ते कुणालाच शक्य नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ ला आली, त्यात सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, ४३० च्या वर अर्थ आणि नुसत्या त्या नोंदीचे साधारण ६०,००० शब्द. नंतर नव्या आवृत्तीच्या कामात रन हा शब्द पुढे गेला, त्याचे फक्त क्रियापद म्हणूनच ६४५ अर्थ निघाले. तर पाठांतर नको, मूळ धरायचं.

आणि मूळ एक नाही, दोन आहेत. सगळा घोळ इथेच होतो. एक सेट म्हणजे संच, आणि दुसरा सेट म्हणजे बसवणे. दिसायला एकच पण दोघांची घराणी वेगळी. संचवाला मुख्यतः लॅटिनमधल्या सेक्टा या शब्दावरून जुन्या फ्रेंचमार्गे आला, म्हणजे कुणाच्या तरी मागे जाणारे लोक, पंथ, टोळी. क्रियापदवाला मात्र अस्सल जुना इंग्लिश, सिट या क्रियापदाचं प्रयोजक रूप. म्हणजे आपल्याकडे बसणे वरून बसवणे होतं ना, अगदी तसंच सिट वरून सेट. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः वही बाजूला ठेवून बसले होते, कारण इतकी वर्षं शिकवत होते आणि किल्ली आपल्याच भाषेत पडलेली.

संचवाला पटकन उरकू कारण तो तुम्हाला येतो. चहाच्या कपांचा सेट, मोत्यांचा सेट, झेरॉक्सचा सेट, जिममध्ये बारा-बाराचे तीन सेट. सेट डोसा पण याच घरातला, दोन-तीन एकत्र देतात म्हणून. नववीच्या बीजगणितातला पहिला धडा संच, इंग्लिश माध्यमाच्या पुस्तकात त्याचंच नाव सेट्स, आणि मराठी पुस्तकात जिथे सरावसंच लिहिलेलं असतं तिथे इंग्लिशमध्ये प्रॅक्टिस सेट. घरात शाळेची दोन्ही पुस्तकं असतील तर शेजारी ठेवून बघाच. टेनिसचा सेट म्हणजे गेम्सचा संच, सहा गेम आणि दोनची आघाडी, सहा-सहा झाले तर टायब्रेक. ओळखायची खूण सोपी आहे, सेटच्या आधी अ, द, वन, टू असं काही असेल किंवा मागे ऑफ असेल तर बहुतेक वेळा हा संच.

आता खरा खेळ बसवण्याचा.

एकदा सोन्या मारुती चौकातल्या सराफी दुकानात बसून खडा बसवताना बघा. मी आईची अंगठी घेऊन गेले होते, पोवळं सैल झालं होतं. कारागिराने अंगठी लाकडी पकडीत धरली, जुनी घाण ब्रशने काढली, पोवळं चिमट्याने जागेवर ठेवलं, एकदा हलवून बघितलं, मग कडेचं सोनं बारीक अवजाराने चारी बाजूंनी आत दाबत आणलं, दाबायचा आणि बोटाने हलवून बघायचा, दाबायचा आणि बघायचा, आणि जेव्हा ते जराही हललं नाही तेव्हा म्हणाला, बसलं. इंग्लिशमध्ये या सगळ्याला सेट हेच क्रियापद आहे आणि त्या कोंदणाला म्हणतात सेटिंग. कादंबरीच्या सेटिंगला सेटिंग का म्हणतात तेही इथेच कळतं, गोष्ट ज्या कोंदणात बसवलीय ती जागा, तो काळ. हे एक चित्र डोक्यात ठेवा: वस्तू नेमक्या जागेवर ठेवली आणि ती आता हलणार नाही. यात दोन भाग आहेत, ठेवणं आणि पक्कं होणं. सेटचे निम्म्याहून जास्त अर्थ या दोनातून सुटतात.

ठेवण्याकडचे अर्थ बघा. सेट द बोन म्हणजे हाड बसवणं, आपणही तेच म्हणतो. सेट द टेबल म्हणजे पानं मांडणं. सेट द अलार्म म्हणजे गजर लावणं. सेट अ ट्रॅप, सापळा लावणं. सेट फायर टू, आग लावणं. सेट फूट इन, पाऊल ठेवणं. सेट अॅन एक्झाम्पल, उदाहरण घालून देणं. कवितेला चाल लावली की सेट टू म्युझिक. म्हणजे मराठीत बसवणे, लावणे, मांडणे, ठेवणे, घालणे ही पाच क्रियापदं जे काम वाटून घेतात ते इंग्लिशमध्ये एकटा सेट ओढतो. मी मुलांना सांगते, सेट दिसला की ही पाच मनात फिरवा, एक तरी लागतंच. सगळ्यात जास्त लागतं ते लावणे.

पक्कं होण्याकडचे अर्थ मला जास्त आवडतात कारण ते हाताला लागतात. दही लागलं, द कर्ड हॅज सेट. वडीचं मिश्रण ताटात थापून सेट व्हायला ठेवा असं आपणच म्हणतो. आणि सिमेंट. त्या सिव्हिलवाल्या मुलाला हा अर्थ माझ्यापेक्षा चांगला माहीत होता, त्यानेच वर्गाला समजावलं की आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटचा सेट व्हायला लागण्याचा वेळ ३० मिनिटांपेक्षा कमी नको आणि पूर्ण सेट होण्याचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि फार लवकर सेट होऊ नये म्हणून कारखान्यातच त्यात जिप्सम घालतात. आणि महत्त्वाचं म्हणजे सेट होणं वेगळं, हार्डन होणं वेगळं. सेट झालं म्हणजे आता आकार बदलणार नाही, पण ताकद यायची बाकी आहे, ती पुढे कित्येक दिवस येत राहते आणि म्हणून तर रोज पाणी मारायचं. मी हे ऐकून दुसऱ्या दिवसापासून उदाहरण म्हणून हेच वापरायला लागले.

इथून पुढे सरळ रस्ता आहे. जे आता बदलणार नाही ते सगळं सेट. सेट टाइम म्हणजे ठरलेली वेळ, सेट मेनू म्हणजे ठरलेले पदार्थ. सेट इन हिज वेज म्हणजे सवयी मुरलेला माणूस, पेठेत कुणाच्या घरी दुपारी एक ते चार बेल वाजवायची नसते त्या आजोबांसारखा. आणि ऑल सेट म्हणजे सगळं जागच्या जागी बसलंय, आता निघायचं बाकी, तयार. उत्तर द्यायचं "येस, ऑल सेट."

सूर्य सेट होतो तो कुठे बसवायचा, असं एकीने विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर होता, कारण तिथे कुणी सूर्याला बसवत नाही. तिथे सेट म्हणजे स्वतःच खाली जाऊन बसणं. दिवसभर वर होता, आता टेकला. बस एवढंच.

व्याकरणाचं एकच सांगते पण ते चुकवू नका. सिट, सॅट, सॅट आणि सेट, सेट, सेट. सेटला भूतकाळातही काही लागत नाही, सेटेड असं काही नसतं. ही सेट द टेबल असं वाक्य दिसलं तर ते कालचं आहे, कारण आजचं असतं तर ही सेट्स झालं असतं. कुठे सिट आणि कुठे सेट हे कळत नसेल तर "कशाला?" विचारा. बसवलं, कशाला बसवलं? खड्याला. उत्तर आलं की सेट. बसला, कशाला बसला? उत्तर येत नाही, म्हणजे सिट. सूर्य, आणि दही-सिमेंटसारखं आपोआप पक्कं होणारं, हे अपवाद, पण हे दोन अपवाद लक्षात ठेवणं काही जड नाही. शेपूट लागलेले सेट वेगळे, ते पुढे येतात.

आता शेपूट लागलेले सेट. मुलं इथे सगळ्यात घाबरतात. ऑफ, आउट, अप, इन, बॅक, असाइड. सगळे एका दिवसात घेऊ नका, रोज एक, आणि प्रत्येकाला आपल्या रोजच्यातलं एकच वाक्य चिकटवा. सेट ऑफ म्हणजे निघणे, वी सेट ऑफ फ्रॉम स्वारगेट अॅट फाइव्ह. फटाके उडवणं पण सेट ऑफच. सेट आउट पण निघणे, पण मनात काहीतरी ठरवून. सेट असाइड म्हणजे बाजूला काढून ठेवणं, भिशीचे पैसे. सेटबॅक म्हणजे मागे ढकलणारा धक्का, आणि बांधकामात सेटबॅक म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची जागा, साइटवाल्यांनी दोन्ही लिहून ठेवा.

सेट इनला मी जास्त वेळ देते. पाऊस, थंडी, आजारपण, कंटाळा असं काहीतरी येऊन मुक्काम ठोकतं तेव्हा सेट इन. एक सर पडली तर सेट इन नाही. हवामान खातं आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात १९२८ ला आलं, आधी ते सिमल्याला होतं म्हणून चौकालाही तेच नाव पडलं. आणि हे लोक जी घोषणा करतात ती मान्सून ऑनसेटची, त्या ऑनसेटमध्ये हाच सेट आहे. केरळची नेहमीची तारीख १ जून, पण मे महिन्यात चार थेंब पडले म्हणून कुणी ऑनसेट म्हणत नाही, पाऊस बसावा लागतो. जून महिन्यात इंग्लिश पेपर घ्या आणि सेट इन, ऑनसेट शोधून पेनाने खूण करा, पुस्तकापेक्षा त्याने पटकन डोक्यात जातं.

एक सावधगिरी. हा पूल इंग्लिशकडून मराठीकडे यायला आहे, उलट जाताना जपून. गणपती बसवले याचं सेट द गणपती होत नाही, इन्स्टॉल्ड म्हणा नाहीतर सरळ ब्रॉट होम म्हणा. नाटक बसवणं म्हणजे डायरेक्ट किंवा रिहर्स. आईला बसमध्ये बसवून दिलं तर पुट हर ऑन द बस. आणि आपलं मराठीतलं सेटिंग, सेटिंग लावली वगैरे, हे इंग्लिश माणसाला कळत नाही, त्याला मोबाइलची सेटिंग वाटेल. सेट अपमध्ये तर काळजी घ्याच, सेट अप अ शॉप म्हणजे दुकान थाटणं, पण ही सेट मी अप म्हणजे त्याने मला अडकवलं. ऑफिसमध्ये साहेबाबद्दल चुकून बोलून जाल. सेट-नेटवाली सेट परीक्षा, जी आपलं पुणे विद्यापीठ घेतं, तिचा या शब्दाशी संबंधच नाही, ती स्टेट एलिजिबिलिटी टेस्टची अद्याक्षरं आहेत.

डिक्शनरी बघायची असेल तर सगळी नोंद वाचू नका. नाम का क्रियापद एवढं आधी ठरवा, म्हणजे निम्मी नोंद गळते. मग शेजारचा शब्द बघा, बोन आहे, अलार्म आहे, का कर्ड आहे. शेजारचा शब्दच अर्थ सांगतो, सेट एकटा काहीच सांगत नाही.

ज्यांना हे सगळं ऐकूनही भीती वाटते त्यांना मी फळ्यावर बसणे लिहून देते आणि म्हणते बोला. मग सुरू होतं, घसा बसला, धक्का बसला, धंदा बसला, विश्वास बसला, धूळ बसली, मार बसला, परीक्षेला बसला, ड्रेस नीट बसला, नको ते बोलून बसला. पाच मिनिटांत फळा भरतो. यातलं काही कुणी शाळेत शिकवलं होतं का? पोळीभाजीवाल्या ताई म्हणाल्या, नाही हो, ऐकून ऐकून आलं. मग सेट पण ऐकूनच येणार, फक्त ऐकताना कान उघडा हवा.

जाता जाता एक सांगायचं राहिलं, कारण हे मला फार सुंदर वाटतं. सिट आणि सेट ज्या फार जुन्या धातूवरून आले त्याचंच संस्कृतातलं भावंडं म्हणजे सद्, बसणे. सदन, संसद, परिषद, उपनिषद सगळे त्यातलेच, आणि प्रसाद सुद्धा. म्हणजे गणपतीसमोर हात पुढे करतो तेव्हा सेटचा लांबचा नातेवाईकच हातावर पडतो.

करायचं काय तर शंभर पानी वही घ्या, डाव्या पानावर संच आणि उजव्या पानावर बसवणे. दिवसभरात कुठे सेट ऐकला, वाचला, दुकानाच्या पाटीवर दिसला की वाक्यासकट योग्य पानावर उतरवा, खाली पाचातलं कुठलं क्रियापद लागलं ते लिहा. महिनाभरात उजवं पान डाव्याच्या पुढे जातं. त्या सिव्हिलवाल्याची वही मी बघितलीय, पहिल्या पानावर तारीख टाकून लिहिलंय, ऑल सेट, तयार, आणि खाली साइटवरचं वाक्य: डोन्ट स्टेप देअर, द स्लॅब हॅजन्ट सेट येट.