अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्त: आमचं निदान कसं झालं

बाळ फक्त अंगावर पीत होतं. शीमध्ये शेंबडासारखा चिकटपणा, रक्ताच्या बारीक रेषा, गालांवर पुरळ. वजन वाढत असल्यामुळे "पोटदुखी आहे, जाईल" एवढंच ऐकून अगदी वैताग आला.

ग्राइप वॉटर आणि लॅक्टेजचे थेंब वाया गेले. थेंब दुधातली साखर पचवतात, इथे प्रश्न गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा होता. माझ्या खाण्यातून ती अंगावरच्या दुधात उतरतात. मी गाईऐवजी शेळीचं दूध घेऊनही फरक नाही. ती प्रथिनं जवळपास सारखीच, म्हशीचीही. रक्ततपासणी निगेटिव्ह आली, पण उशिरा दिसणारी ॲलर्जी तिच्यात सापडत नाही.

उपयोग झाला तो असा. आधी प्रत्येक डायपरचा फोटो, तारीख आणि मी काय खाल्लं याची वही. ती घेऊन मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि सरळ विचारलं, "गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल का?" त्यांच्या सल्ल्याने माझ्या खाण्यातलं दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद, तूपही, म्हणजे बाळंतिणीचे डिंकाचे लाडूही गेले. बिस्किटांच्या पाकिटावर 'मिल्क सॉलिड्स' शोधायचं. मला कॅल्शियम, व्हिटॅमिन डी सुरू. पाजणं चालूच. असं २ ते ४ आठवडे करतात.

रक्त थांबल्यावर डॉक्टरांना विचारूनच मी पुन्हा दूध घेतलं. रेषा परतल्या आणि निदान पक्कं झालं. ही पायरी गाळू नका. मात्र ओठ सुजणं, श्वासाचा त्रास कधीही झाला असेल तर घरी हा प्रयोग नको. तसं दिसलं तर लगेच हॉस्पिटल.

वरचं दूध लागलंच तर साधा फॉर्म्युला नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेला एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला.