स्लॅब टाकायच्या आधी: नाशिकच्या घरमालकासाठी तयारीची यादी

स्लॅबचा दिवस ठरला की घरात पहिली चर्चा नारळ-पेढ्यांची होते. जेवायला कोण कोण, मजुरांना पुरी-भाजी की मिसळ, सगळं ठरतं. ठरू द्या. पण सकाळी आठला माल, म्हणजे ओलं काँक्रीट, पडायला लागला की मग ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नसते. भिंत वाकडी गेली तर पाडून पुन्हा बांधता येते, प्लास्टर खरवडता येतं. स्लॅबमध्ये सळई चुकीच्या जागी राहिली तर ती राहिलीच. म्हणून ही यादी आठ दिवस आधीपासून सुरू होते. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा अशा भागात एक-दोन मजल्यांचं घर बांधणाऱ्या आणि बांधकाम हा ज्याचा धंदा नाही अशा माणसासाठी ती आहे. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच. हे वाचून सळई कमी-जास्त करायला जाऊ नका.

आठ दिवस आधी पहिलं काम म्हणजे स्लॅबच्या ड्रॉइंगची मोठी प्रत काढून साइटवर टांगणं, आणि इंजिनिअरकडून एकच गोष्ट समजून घेणं: कुठली सळई खाली आणि कुठली वर. ती का, हे कळण्यासाठी जुनी रबरी चप्पल घ्या. दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये अंगठ्याने दाबा. वरच्या बाजूला सुरकुत्या पडतात, खालची बाजू ताणली जाते. स्लॅबचं हेच होतं. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण मात्र दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून जिथे ताण तिथे सळई: खोलीच्या मध्यावर खालच्या बाजूला. आता तीच चप्पल एका टोकाला विटेखाली दाबून धरा, दुसरं टोक हवेत ठेवा आणि त्या टोकावर बोट दाबा. इथे ताण वरच्या बाजूला आला. गॅलरी आणि छज्जा म्हणजे ही दुसरी चप्पल, त्यांची मुख्य सळई वर हवी. सलग स्लॅब बीमवरून पलीकडे जातो तिथेही ताण वरच येतो. फिटर, म्हणजे सळई बांधणारा, तिथे ‘एक्स्ट्रा’ सळई टाकतो ते याचसाठी, उदारपणा म्हणून नव्हे.

दगडी देवळात, अगदी आपल्या काळारामाच्या मंदिरातही, खांब एकमेकांजवळ दिसतात त्याचं कारण हेच. दगड वाकायला लावला की खालून तडकतो. पांडवलेण्यातल्या तीन नंबरच्या लेण्याचं मोठं दालन मध्ये एकही खांब नसताना उभं आहे हे खरं, पण त्याच्या डोक्यावर अख्खा डोंगर आहे. तुमच्या डोक्यावर पाच इंच असणार.

गॅलरीबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण माझ्या स्वतःच्या घराची गॅलरी मला पाडावी लागली. साडेतीन फुटांची होती. फिटरने वरची जाळी नीट बांधलेली, मी स्वतः तपासलेली. पण तिच्याखाली चेअर, म्हणजे जाळी उचलून धरणारे वाकवलेले गजाचे तुकडे, फारच थोडे होते. घमेली घेऊन माणसं दिवसभर त्या जाळीवरून गेली आणि जाळी दबून तळाशी जाऊन बसली. मी तेव्हा खाली पाहुण्यांना जेवायला वाढत होतो. पंधरा दिवसांनी टेकू काढले आणि भिंतीला लागून वरच्या बाजूने एक सरळ, केसासारखी चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसली. फोडलं तेव्हा सळया तळापासून बोटभर उंचीवर सापडल्या. तेव्हापासून माझा नियम आहे: तीन-तीन फुटांवर चेअर, आणि चालायला जाळीवर नाही, वेगळ्या फळ्या टाकायच्या. मालाच्या दिवशी एक माणूस फक्त गॅलरीची जाळी बघायला ठेवा. नात्यातला एखादा चिकित्सक काका असेल तर त्याला हेच काम द्या.

सळई बांधून झाली की टेप घेऊन चढा. दोन सळयांमधलं अंतर ड्रॉइंगप्रमाणे आहे का, पाच-सहा जागी मोजा. दोन सळया शेजारी-शेजारी चढवून केलेला जोड सळईच्या जाडीच्या साधारण पन्नास पट लांब हवा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला ६०० मिलिमीटर, दोन फूट. ड्रॉइंगवर जास्त लिहिला असेल तर तितका. सगळे जोड एका ओळीत आले असतील तर फिटरला तिथेच थांबवा. बीमच्या रिंगांची, म्हणजे सळयांभोवती बांधलेल्या कड्यांची, टोकं बघा: ती ९० अंशांत नुसती दुमडलेली नकोत, १३५ अंशांत आत काँक्रीटच्या गाभ्यात वळलेली हवीत. भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की नुसती दुमडलेली रिंग उघडते. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, तेव्हा ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीतही हेच म्हणत असतील. सळईचं वजन तपासायला सोपं सूत्र आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते येतं. १० मिलिमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो, १२ ची ०.८८८. एक मीटर तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तरी भागतं. हलका गंज तारेच्या ब्रशने निघाला तर चालतो. पापुद्रे सुटत असतील तर ती सळई परत.

कव्हर ब्लॉक हा विषय छोटा, पण भांडण मोठं. कव्हर म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. स्लॅबच्या सळईखाली किमान २० मिलिमीटर आणि बीमला २५ ते ३० मिलिमीटर काँक्रीट हवं. ताज्या काँक्रीटचा क्षारधर्म सळईला गंजापासून सांभाळतो. कव्हर पातळ झालं की हवा आणि ओल आत पोहोचते, गंज फुगतो आणि दहा-पंधरा वर्षांनी छताचे पोपडे पडतात. कव्हर म्हणून खडीचे तुकडे सरकवतात ते काढायला लावा. सिमेंटचे किंवा प्लॅस्टिकचे तयार ब्लॉक मिळतात, महागही नसतात.

आता सेंट्रिंगकडे, म्हणजे ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या प्लेटा आणि टेकूंकडे वळू. ओल्या काँक्रीटचं वजन लोकांना पटत नाही. साडेसातशे चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब आणि त्याचे बीम धरून साधारण १२ घनमीटर माल पडतो. घनमीटरला अडीच टन धरले तर ३० टन. दहा टनी तीन भरलेले ट्रक तुमच्या टेकूंवर उभे आहेत असं समजा. ते टेकू कशावर उभे आहेत हे खाली वाकून पाहा. आपल्याकडच्या काळ्या मातीवर किंवा नुकत्याच भरलेल्या मुरुमावर प्रॉप, म्हणजे टेकू, तसाच टेकवला असेल तर वरून गळणाऱ्या पाण्याने माती मऊ होते, प्रॉप अर्धा इंच धसतो आणि स्लॅबला पोट येतं. प्रत्येक प्रॉपखाली फळी हवी, विटांचे तुकडे नकोत. उभ्या प्रॉपना आडव्या आणि तिरक्या बांधणीने एकमेकांशी जखडलेलं असावं. प्लेटांना तेल सळई पसरण्यापूर्वी लागलेलं असावं. नंतर ब्रश फिरवला की ते सळईवर जातं आणि काँक्रीट तिला धरत नाही. प्लेटांमधल्या फटी टेपने बंद करा, नाहीतर सिमेंटचं दूध गळून जातं आणि खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी खडी उरते.

लाइटचे पाइप, पंख्याचे बॉक्स, बाथरूमच्या पाइपांच्या जागा, टॉयलेटचा बसका भाग हे सगळं मालाच्या आधी संपलेलं हवं. वायरमनला ‘नंतर फोडून घेऊ’ म्हणू देऊ नका. पाइप खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून जावेत आणि एका ठिकाणी त्यांची जुडी नको.

आता साहित्य. वर धरलेल्या १२ घनमीटरला, एम २० दर्जाच्या, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी १:१½:३ या प्रमाणात, घनमीटरला आठ गोण्या धरून ९६ गोण्या सिमेंट लागतं, १०५ मागवा. वाळू किंवा क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) सुमारे पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी साडेतीन ब्रासच्या वर. अर्ध्यात माल संपला तर शंभर फोन लागतात आणि तोवर टाकलेलं काँक्रीट आवळतं, नंतरचा माल त्याला एकजीव होत नाही आणि त्याच सांध्यातून पुढे पावसाळ्यात गळती सुरू होते. गोणीवरचा आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी तपासल्याशिवाय स्लॅबला नको. गुठळी चिमटीत फुटत नसेल तर ती ओट्याच्या कोब्यालासुद्धा देऊ नका. गोणी पीपीसी या जातीच्या सिमेंटची असेल तर तिच्यात राख असते, एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या वीज केंद्रातून निघते त्याच जातीची. तिला घाबरायचं कारण नाही, फक्त ती ताकद सावकाश धरते आणि पाणी जास्त दिवस मागते.

क्रश सँड मूठभर घेऊन चोळा. हाताला पिठासारखी भुकटी चिकटून राहिली तर बाटलीची चाचणी करा: काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला चिखलाचा थर वाळूच्या थराच्या आठ टक्क्यांहून जाड दिसला तर ट्रक परत. ओली वाळू फुगते हेही लक्षात ठेवा. घमेल्याने मोजली तर ती प्रत्यक्षात कमी पडते. घमेल्याच्या हिशेबावर माझा विश्वास नाही, कारण सकाळचं घमेलं शिगोशीग असतं आणि चारनंतरचं जेमतेम. त्यापेक्षा ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी करून घ्या. तिच्यात ३५ लिटर मावतं, म्हणजे बरोबर एक गोणी सिमेंटएवढं. एका गोणीला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. पोरंसुद्धा मोजू शकतात.

या सगळ्याहून पाण्याची राखण अवघड. गोणीला २५ ते २७ लिटर, आणि त्यातलं काही ओल्या वाळूतूनच आलेलं असतं. जास्तीचं पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडतं. पण मजुराला पातळ माल सोपा पडतो, म्हणून मिक्सरवाला तुमची पाठ फिरली की एक बादली ओतणारच. त्याच्याशी वाद न घालता मिक्सरपाशी खुणेची बादली ठेवा आणि बाकीची पाण्याची नळी तिथून हलवा. माल पसरायला जड वाटत असेल तर उपाय व्हायब्रेटर, म्हणजे माल थरथरवून बसवणारं यंत्र आहे, पाणी नाही. व्हायब्रेटर दोन ठेवा. एक बंद पडणारच. त्याची सुई मालात सरळ उभी घालायची, दहा-पंधरा सेकंद, बुडबुडे थांबले की हळू वर. सुईने माल ढकलत नेणाऱ्याला आवरा, खडी मागे राहते आणि नुसता चिखल पुढे जातो. आरएमसी, म्हणजे कारखान्यातून गाडीने येणारं तयार काँक्रीट, मागवली असेल तर हे बरंच सोपं होतं, पण गल्लीत पंप उभा राहील का, वरची वीजतार किती खाली आहे, हे दोन दिवस आधी बघून या, आणि गाडीतल्या मालात पाणी घालू देऊ नका.

हवामानाचा अंदाज आपल्याकडे द्राक्षबागायतदार बघतो तितक्या काळजीने बघा. अवकाळीची शक्यता दिसली तर बागेवर टाकतात तो प्लॅस्टिकचा कागद आणून ठेवा. एप्रिल-मेमध्ये माल पहाटे लवकर सुरू करा, खडीवर आदल्या रात्री पाणी मारा, दुपारी वाळणाऱ्या पृष्ठभागावर ओलं गोणपाट घाला.

आदल्या संध्याकाळची उजळणी लहान आहे. पाण्याची टाकी भरलेली, मिक्सरचं डिझेल आलेलं, रात्र झालीच तर हॅलोजन, प्लेटांवरचा भुसा, तारेचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या झाडून काढलेल्या. इंजिनिअरची सही ड्रॉइंगवर नव्हे, तपासणीच्या कागदावर, तारखेसह. आणि काँक्रीटची ताकद तपासायला १५० मिलिमीटरचे सहा क्यूब (घन) साचे तेल लावून तयार. १२ घनमीटरला दोन वेळा नमुने घेणं रास्त, तीन-तीन क्यूब. ते २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडायचे. काही जादा भरून ७ दिवसांनी फोडले तर साधारण दोन-तृतीयांश ताकद दिसायला हवी. क्यूब तुमच्या मालाचेच भरले जातात ना, याला उभं राहा.

माल पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूची आळी करून पाणी साठवा. ७० चौरस मीटरवर दोन इंच पाणी म्हणजे साडेतीन हजार लिटर, म्हणजे टँकरची व्यवस्था आधीच हवी. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा, पीपीसीला चौदा. ‘दोन वेळा पाणी मारतो’ हे क्युरिंग नव्हे. स्लॅब एकदाही कोरडा दिसता कामा नये. बीमच्या बाजूंना गोणपाट.

शेवटचा प्रश्न सेंट्रिंगवाला आठव्या दिवशी विचारतो: प्लेटा काढू का, दुसरी साइट आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे, आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी निघू शकतात, त्याहून मोठ्याचे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा आणि त्यापुढचे एकवीस. पण हे आकडे साध्या सिमेंटचे आणि हवा १५ अंशांखाली न जाणाऱ्या दिवसांचे. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा कुठवर घसरतो ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा थंडीत आणि पीपीसीला आठवडाभर जादा द्या. काढताना खोलीच्या मध्यापासून भिंतीकडे यायचं. गॅलरीला मात्र बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे, कारण टोकाचा टेकू मागे राहिला तर गॅलरी त्यावर टेकून उलट वाकते आणि खालच्या बाजूला, जिथे सळईच नाही, तिथे तडकते. स्लॅब पडल्याची तारीख त्याच दिवशी जिन्याजवळच्या कॉलमवर रंगाने मोठी लिहून ठेवा. सेंट्रिंगवाला आला की त्याला चहा द्या आणि त्या कॉलमकडे बोट दाखवा.