नवा कोळी सापडला? नाव ठेवण्याआधी या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्यात मला माझी पहिली ‘नवी जात’ सापडली. तपकिरी अंग, मधोमध फिकट पट्टा, पोटाच्या टोकाकडे दोन पांढरे ठिपके. हाताशी असलेल्या एकाही चित्राशी जुळेना. नावसुद्धा ठरवून टाकलं होतं, आजीचं. चौथ्या दिवशी उलगडा झाला: ही प्लेक्सिपस पायकुली या उड्या मारणाऱ्या कोळ्याची मादी. तिचा काळ्या अंगावर पांढरे पट्टे ओढलेला नवरा त्याच जिन्यात ट्यूबलाइटखाली रोज चिलटं टिपत बसायचा, आणि त्याला मी चांगला ओळखत होतो. या जातीचं वर्णन १८२६ सालीच होऊन गेलेलं.

तेव्हापासून कुणी मोबाइल पुढे करून ‘काका, ही नवीन स्पीसीज आहे ना?’ म्हणालं की मी आधी विचारतो, नर की मादी? आणि वयात आलाय का? बऱ्याचदा गाडी तिथेच अडते.

बायको-पोरांना वेगळी जात समजू नका

उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या ६,००० हून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्यात. कोळ्यांचं हे सगळ्यात मोठं कुळ. यातले नर-मादी शेजारी ठेवले तरी नातं कळू नये असे असतात. भिंतीवरचा मेनेमेरस बिविटाटस घ्या. नराच्या पोटावर मधोमध काळा पट्टा, मादीला मात्र कडेकडेने काळपट किनार. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंगळ्यांची नक्कल करणारा मिर्माप्लाटा तर कहर आहे. मादी हुबेहूब मुंगळा. नराचे जबडे एवढे पुढे आलेले की मुंगळा तोंडात दुसरा मुंगळा धरून निघालाय असं वाटावं.

पिल्लांवरून जात सांगायच्या भानगडीत पडूच नका. नराच्या तोंडाशी पायांसारखे दोन लहान अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. शेवटची कात टाकायच्या आधी त्यांची टोकं मुठीसारखी फुगतात, पण गुळगुळीत असतात. नवखा माणूस ती फुगलेली मूठ बघून ‘नर मिळाला’ म्हणून लगेच बाटलीत टाकतो, आणि ओळखीसाठी जे हवं तेच तयार झालेलं नसतं. मादीच्या पोटाखालची टणक, गडद चकती, म्हणजे एपिजिन, तीही शेवटच्या कातीनंतरच दिसते. उपाय सोपा: छोट्या पारदर्शक डबीत ठेवा, पिकलेल्या केळ्यावरची चिलटं द्या, कात टाकेपर्यंत थांबा.

रंगावर भाळू नका

या कोळ्यांची झळाळी बरीचशी अंगावरच्या केसांची आणि खवल्यांची असते. वय झालं की ते झडतात, अल्कोहोलमध्ये गेले की रंगही उतरतो. एकाच ढिगाऱ्यातले दोन नर वेगळे दिसू शकतात, म्हणून एका नमुन्यावर जात उभी करायची घाई नको. जिवंतपणी भरपूर फोटो काढा; पण निर्णय पाल्प आणि एपिजिनवरच. पाल्पच्या टोकाशी एम्बोलस नावाचा बारीक काटा असतो. त्याची लांबी, वळण, तो कुठून निघतो आणि शेजारच्या पेऱ्यावरचं शिंग कसं आहे, याने जात ठरते. चित्र डाव्या पाल्पचं काढायचा रिवाज आहे. डावा तुटला असेल तर उजवा काढून उलटवा आणि तसं लिहा. नाहीतर पुढचा अभ्यासक ‘वळण उलट्या दिशेला’ म्हणून आणखी एक नवी जात काढून बसेल.

मादीची चकती बाहेरून बघून भागत नाही. ती सुईने अलगद सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवली की आतल्या नळ्या आणि पिशव्या दिसू लागतात. या वेळी चहाला उठू नका. जास्त वेळ राहिली तर सगळंच पारदर्शक होऊन बसतं.

स्पिरिट, सॅनिटायझर आणि चिठ्ठी

गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे कोळ्यासाठी का होईना, शुद्ध इथेनॉल मागायला गेलं की दुकानदार आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रीतसर घ्या. ठेवणीसाठी ७० टक्के, डीएनएसाठी ९५च्या वर. सॅनिटायझरच्या जेलमध्ये नमुना साठवू नका. पण सूक्ष्मदर्शकाखाली कोळी हवा तसा तिरका उभा ठेवायला ते जेल फार छान. पाय हलत नाहीत, पाल्प नीट समोर येतो.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका: जागा, तारीख, कशावर सापडला. मी एकदा बॉलपेनने लिहून वर स्टिकर लावले होते. महिन्याभरात शाई विरघळली, स्टिकर सुटले, आणि कमाटीबागेतला कोळी कुठला नि पावागडच्या पायथ्याचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. जागा माहीत नसलेला नमुना वर्णनाच्या कामाचा नाही. दोन्ही फेकले.

जुनी दप्तरं न उघडता ‘नवी’ म्हणू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. आपल्याकडच्या कितीतरी जाती पोकॉक, सिमाँ या जुन्या इंग्रज-फ्रेंच अभ्यासकांच्या काळात लिहिल्या गेल्या, मूळ नमुने लंडन-पॅरिसला, वर्णन कधी चार ओळींचं. त्यात बऱ्याच जातींची एकच बाजू माहीत असते: नुसती मादी किंवा नुसता नर. म्हणजे तुमचा ‘नवा’ नर हा शंभर वर्षांपूर्वी नोंदलेल्या मादीचा हरवलेला नवरा असू शकतो. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या जगभरच्या कोळ्यांच्या ऑनलाइन यादीत प्रत्येक जातीपुढे नर-मादीपैकी काय माहीत आहे ते दिलेलं असतं. नोंदणी केली की जुने लेखही फुकट मिळतात. आपल्या कोळ्याच्या वंशातली, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली, प्रत्येक जात तिथे काढून चित्राशी चित्र लावा. कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच.

जुना ओळखतक्ता जुळेना, तर आधी वंश तपासा. जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्या लेखकाचं नाव-साल कंसात असेल, तर ती जात मूळ वंशातून दुसरीकडे हलवली आहे असं समजायचं. जबड्याच्या आतल्या कडेचा दात एकच आहे, दुभंगलेला आहे की पुष्कळ, हेही बघा. नवखे तिकडे फिरकतच नाहीत.

नावाची घाई

व्यक्तीचं नाव देताना पुरुषाला -ई (i), बाईला -ए (ae) हा लॅटिन प्रत्यय. शहीद तुकाराम ओंबळे यांच्या नावाचा आयशियस तुकारामी २०२१ साली असाच आला. स्वतःचं नाव देऊ नये. नियमात मनाई नाही, पण लोक हसतात. वर्णन छापून येण्याआधी नाव व्हॉट्सॲपवर किंवा वर्तमानपत्रात सोडू नका, वर्णनाविना ते शास्त्राच्या लेखी नावच नाही. ज्यावरून जातीचं वर्णन केलं तो प्रमाण नमुना कुठल्या संग्रहात ठेवला हे लेखात लिहावंच लागतं, आणि २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो नेमून दिलेल्या संस्थेतच जमा करायचा असतो. घरच्या फडताळात नाही.

माझ्या फडताळात सध्या पावागडच्या पायथ्याची एक मादी आहे, शेताच्या बांधावर मिळालेली. चकती कुठल्याच आकृतीशी जुळत नाही. पण त्याच वंशातल्या दोन जाती फक्त नरावरून माहीत आहेत. म्हणून चिठ्ठीवर ‘नवी’ असं न लिहिता ‘नर हवा’ एवढंच लिहिलंय. पाऊस पडून बांध हिरवे झाले की डब्या घेऊन पुन्हा जाईन.