पुढे पळणारा घोडा शेवटी का थांबतो? मालकांनी आणि शौकिनांनी या चुका टाळा

कोल्हापुरात रेसकोर्स नाक्याचं नाव तेवढं उरलं आहे. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या खास जातीच्या, घोड्यांच्या शर्यती बघायच्या तर पावसाळ्यात पुणं आणि हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स गाठावं लागतं. तरी घोड्याचा नाद इथून गेलेला नाही. कुणी चार मित्रांच्या भागीदारीत घोडा घेतं, कुणी रेसबुक (शर्यतींची माहितीपुस्तिका) आणि पेन घेऊन बसतं. या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पहिल्यापासनं पुढं होता, शेवटाला दम तुटला. घोड्यात जीवच नाही."

हे निदान बहुतेक वेळा चुकतं. नुसतं पुढे पळाल्यामुळे घोडा हरत नाही. पहिल्या ४०० ते ६०० मीटरमध्ये त्याला कुणाशी तरी झुंजावं लागतं, तिथे तो हरतो. कधी दुसऱ्या घोड्याशी, कधी शर्यत सुटते त्या गेटमध्ये गमावलेल्या अंतराशी, कधी स्वतःच्याच जॉकीच्या हाताशी. ज्या खर्चाची गरज नव्हती तो सुरुवातीला झाला की शेवटच्या २०० मीटरला देणं फेडावं लागतं. खासबागेत कुस्ती बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दोन मिनिटांत सगळा जोर लावणारा मल्ल पाचव्या मिनिटाला कसा दिसतो, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं.

समजून घ्यायला एक कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवूया. अमेरिकेतला डॉक्टर फेगर हा १९६४ साली फ्लोरिडात जन्मलेला घोडा. ट्रेनर जॉन नेरुड यांचा जीव वाचवणाऱ्या मेंदूच्या शल्यविशारदाचं नाव त्याला दिलं होतं. २२ शर्यती, १८ विजय. १९६८ मध्ये वर्षातला सर्वोत्तम घोडा तर तो ठरलाच, शिवाय हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात त्या शर्यती), स्प्रिंट (कमी अंतराच्या) आणि गवतावरच्या शर्यती या तिन्ही गटांतही त्यालाच अव्वल ठरवलं गेलं. अंगात रग असलेला, पुढेच पळणारा घोडा. त्याच्या विजयांपेक्षा त्याचे पराभव जास्त शिकवतात.

एकूण वेळ बघून निकाल लावू नका

समजा, १६०० मीटरच्या दोन शर्यती, दोन्ही १ मिनिट ३८ सेकंदांत संपल्या. पहिलीत पुढच्या घोड्याने सुरुवातीचे १००० मीटर ६२ सेकंदांत आणि शेवटचे ६०० मीटर ३६ सेकंदांत काढले. म्हणजे दर २०० मीटरला आधी सरासरी १२.४ आणि शेवटी १२.० सेकंद. दुसरीत सुरुवातीचे १००० मीटर ५९.५ सेकंदांत आणि शेवटचे ६०० मीटर ३८.५ सेकंदांत गेले. इथे आधी ११.९ आणि शेवटी १२.८. घड्याळात दोन्ही सारख्या. पण पहिलीत पुढचा घोडा मोकळा, मजेत पळाला. त्यात तो जिंकला तर फार हुरळून जाऊ नये. दुसरीत तो अडीच सेकंद जास्त वेगाने १००० मीटर पळाला आहे. असा घोडा दोन लांबींनी, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या दुप्पट अंतराने, हरला तरी त्याला खाली टाकू नका. पुढच्या वेळी सोबत पुढे पळणारे कमी असतील तर तोच घोडा वेगळा दिसेल.

हिशेब सोपा आहे. निकालातल्या एकूण वेळेतून शेवटच्या ६०० मीटरची वेळ वजा करा आणि उरलेली वेळ तितक्या २०० मीटरच्या तुकड्यांनी भागा. एक पथ्य मात्र पाळा. गेटमधून उभ्याने सुटल्यामुळे पहिले २०० मीटर नेहमीच हळू जातात, म्हणून १२०० मीटरची सरासरी १६०० मीटरच्या सरासरीशी लावू नका. त्याच दिवशीच्या, त्याच अंतराच्या दुसऱ्या शर्यतीशी तुलना करा आणि पेनेट्रोमीटरचा, म्हणजे ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या साधनाचा, आकडा बाजूला लिहून ठेवा. पावसाने मऊ झालेल्या ट्रॅकवरची वेळ कोरड्या ट्रॅकवरच्या वेळेशेजारी ठेवली तर सगळा हिशेब फसतो.

वेळ लावताना आपण आपल्या घोड्याकडे बघत बसतो, शेजारी कोण होता ते विसरतो. १९७३ च्या अमेरिकेतल्या बेलमाँट स्टेक्स शर्यतीत शॅम नावाचा घोडा पाचात पाचवा आला. त्याआधीच्या केंटकी डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये तो दुसरा होता. बेलमाँटमध्ये तो सुरुवातीलाच सेक्रेटेरियट या घोड्याच्या खांद्याला खांदा लावून पळाला. पहिले सहा फर्लांग गेले १ मिनिट ९.८ सेकंदांत, आणि शर्यत होती बारा फर्लांगांची. सेक्रेटेरियटने तो वेग पचवला आणि ३१ लांबींनी जिंकला. शॅमला तो पचला नाही. शॅम वाईट घोडा नव्हता, त्या दिवशी चुकीच्या घोड्याशी झोंबला.

दुसरा पुढे पळणारा कोण आहे, हे आधी शोधा

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

१९६७ च्या वुडवर्ड स्टेक्समध्ये डॉक्टर फेगरसमोर डमास्कस आणि बकपासर होते. दोघेही मागून येणारे. दोघांच्या तबेल्यांनी आपापला पेसमेकर, म्हणजे सुरुवातीला वेग वाढवणारा मदतनीस घोडा, उतरवला. डमास्कसचा हेडेवार आणि बकपासरचा ग्रेट पॉवर. ते जिंकायला आलेच नव्हते. डॉक्टर फेगरला श्वास घेऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. ते झालं. डमास्कस दहा लांबींनी जिंकला, बकपासर दुसरा, डॉक्टर फेगर तिसरा.

पुढच्या वर्षी ४ जुलैला सबर्बन हँडिकॅपमध्ये हेडेवार नव्हता. २००० मीटरच्या आसपासची ही शर्यत डॉक्टर फेगरने १३२ पौंड, म्हणजे जवळपास ६० किलो घेऊन, १ मिनिट ५९.६ सेकंदांत जिंकली आणि ट्रॅकच्या विक्रमाशी बरोबरी केली. सोळा दिवसांनी त्याच ट्रॅकवर, तेवढ्याच अंतराच्या ब्रुकलिन हँडिकॅपमध्ये हेडेवार परत आला. आता डॉक्टर फेगरवर १३५ पौंड, डमास्कसवर १३०. डमास्कस १ मिनिट ५९.२ सेकंदांत जिंकला आणि तो नवा विक्रम ठरला. वजन हे कारण की पेसमेकर, हा वाद जुनाच आहे. आमच्या मते दोन्ही, पण पेसमेकरचा वाटा मोठा. तीन पौंडांचं ओझं पूर्ण शर्यतभर वाटलं जातं. शेजारी पळणारा घोडा मात्र सगळी किंमत पहिल्या निम्म्या शर्यतीतच वसूल करतो.

म्हणून रेसबुक हातात आलं की आधी प्रत्येक घोड्याच्या मागच्या तीन-चार शर्यती बघा. पहिल्या बेंडला, म्हणजे वळणाला, तो कितव्या जागी होता ते नावापुढे लिहा. पहिल्या किंवा दुसऱ्या जागी सतत असणारा आणखी एकही घोडा नसेल, तर तुमच्या घोड्याचा दिवस आहे. एक असेल तर कुणाचं गेट आतलं आणि कोण लवकर सुटतो ते बघा. तिघे असतील तर तिसऱ्याने आधीच ठरवावं, आज दोन लांबी मागे बसायचं. गेटमधून सुटल्यावर ठरवायला वेळ नसतो. एकाच मालकाचे किंवा एकाच ट्रेनरचे दोन घोडे असतील आणि त्यातला एक कमकुवत पण सुरुवातीला वेगवान असेल, तर तो तिथे का आहे याचाही विचार करावा.

आवरायचं म्हणून तोंड ओढू नका

पेस, म्हणजे सुरुवातीचा वेग, जास्त होतो, मग जॉकीला सांगितलं जातं, "धरून ठेव." इथे दुसरी चूक सुरू होते. घोडा चौखूर उधळला की त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. लगाम खेचल्यावर मान वर जाते, तोंड उघडतं, पाठ कडक होते, झेप आखूड पडते आणि श्वासाची लय बिघडते. घोडा हळू पळतो, तरी दमतो जास्त. दुर्बिणीतून बघा. मान पुढे लांब, कान सैल किंवा पुढे, जॉकीचे हात अयाळीजवळ शांत असतील, तर तो पुढे असूनही विश्रांती घेतोय. तोंड उघडं, मान वाकडी, जॉकी रिकिबीत मागे रेलून बसलेला दिसला, तर तो पाचवा असला तरी जळतोय.

हे शर्यतीच्या दिवशी सुधारत नाही. सकाळच्या सरावात शांत घोड्याच्या मागे, मग शेजारी, मग दोघांच्या मध्ये कँटर (हलकी दौड) करून हळूहळू सवय लावावी लागते. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा जोरात पळवलं की उलट होतं. ट्रॅक दिसला की पळायचं, हेच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

ब्लिंकरचं, म्हणजे बाजूचं दिसू नये म्हणून डोळ्यांना लावायच्या झापडांचं, तसंच. लक्ष विचलित होणाऱ्या घोड्याला ते उपयोगी. पण आधीच पेटलेल्या घोड्याला घातले तर शेजारी कोण आहे हे दिसत नाही, फक्त टापा ऐकू येतात आणि तो आणखी पळतो. असा घोडा अर्ध्यातच संपत असेल तर आधी ब्लिंकर काढून एक मॉक रेस (सरावाची शर्यत) द्या. अंतर कमी करायचा निर्णय त्यानंतर.

गेट आणि ड्रॉ

गेटमध्ये घोडा चारही पायांवर सरळ, मान समोर ठेवून उभा असायला हवा. एक पाय मागे टेकलेला असेल तर सुटताना एक-दोन लांबी जातात. खरं नुकसान त्यानंतर होतं. जॉकी घाबरून पहिल्या २०० मीटरमध्येच ती भरून काढतो. चुकलेली सुटका भरून काढायला किमान ५०० मीटर घ्यावेत. तेवढी जागा नसेल तर त्या दिवशी मागून पळावं. गेटचा सराव रोज झटक्याने सोडून देऊ नका. आधी उघड्या गेटमधून चालवा, मग पुढचं दार बंद करून मिनिटभर उभं करा, मग चालत बाहेर काढा. जोरात सोडणं क्वचितच.

बाहेरचा ड्रॉ, म्हणजे चिठ्ठीने मिळणारी गेटमधली बाहेरची जागा, मिळाला की अंतराचा हिशेब लक्षात ठेवा. अर्ध्या वर्तुळाच्या बेंडवर रेलपासून (ट्रॅकच्या आतल्या कठड्यापासून) एक मीटर बाहेर राहिलं की ३ मीटरपेक्षा थोडं जास्त पळावं लागतं. घोड्याची एक लांबी साधारण २.४ मीटरची, म्हणजे एका घोड्याच्या बाहेरून बेंड घेतला तर लांबीहून जास्त अंतर फुकट गेलं.

हळूहळू थांबला की एकदम?

या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय घोड्यावर शिक्का मारू नका. शेवटच्या ३०० मीटरमध्ये झेप आखूड होत होत तो मागे पडला, तर कारण पेस, अंतर किंवा तयारी. चांगला पळत असताना पन्नास पावलांत एकदम हवा गेल्यासारखा थांबला, तर कारण शरीरात शोधा.

तो थांबताना घशातून गुरगुर आली, तर घशाचा मऊ पडदा वर सरकून वाट अडवत असावा. अशा वेळी पशुवैद्य जीभ बांधण्यापासून सुरुवात करतात. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज येत असेल, तर स्वरयंत्राची, बहुधा डाव्या बाजूची, नस कमजोर असते. फुफ्फुसातून रक्त आलं असेल तर नाकपुडीत ते क्वचितच दिसतं, म्हणून शर्यतीनंतर ३० ते ९० मिनिटांत श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघायला सांगा. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर फार उपयोग नाही.

दुसऱ्याने गाठल्यावर काय होतं, हेही बघा. युनायटेड नेशन्स हँडिकॅप ही डॉक्टर फेगरची गवतावरची एकमेव शर्यत. तिथे त्याची आघाडी गेली, तरी तो झुंजून परत पुढे आला आणि मानेच्या फरकाने जिंकला. गाठल्यावर परत उसळणाऱ्या घोड्यात ताकद शिल्लक असते. एकदाही उसळला नाही, तर कुठेतरी दुखतंय का ते तपासा.

पाय

जपानचा सायलेन्स सुझुका १९९८ च्या शरद ऋतूतल्या तेन्नो शो शर्यतीत पहिले १००० मीटर ५७.४ सेकंदांत पळाला, मोठ्या आघाडीवर होता, आणि बेंडवर त्याच्या पुढच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. त्याला दयामरण द्यावं लागलं. असा प्रसंग पूर्ण टाळता येतोच असं नाही. पण आधीची सूचना वाचायची सवय प्रत्येक तबेल्यात हवी.

शर्यतीनंतर घोडा अंग थंड होईपर्यंत चालवावा, थोडं थोडं पाणी देत राहावं. दुसऱ्या दिवशी पहाटे, पट्ट्या सोडल्यावर लगेच, मोतद्दाराने चारही पायांवर गुडघ्यापासून खुरापर्यंत उघडा तळवा फिरवावा आणि उजव्या पायाची डाव्याशी तुलना करावी. एका जागी ऊब लागली, बोट दाबल्यावर पाय उचलला, तर घोडा बाहेर काढू नये. मग कडक, सपाट जमिनीवर सैल दोरीने दुडका चालवून समोरून आणि मागून बघावं. दुखऱ्या पुढच्या पायावर वजन येताना डोकं वर उचललं जातं. गव्हाणीत रात्रीचा किती खुराक उरला तेही बघावं. हे सगळं तारखेसह वहीत लिहावं, आणि पुण्याच्या तबेल्यात फोन केल्यावर वेळ किती लागली हे विचारण्याआधी मालकाने ही वही वाचून दाखवायला सांगावं.