ओड ओळखताना या चुका टाळा

‘ओड म्हणजे स्तुतिपर कविता’ एवढ्यावर थांबणे ही पहिली चूक. स्तुती आरतीतही असते आणि पोवाड्यातही. ओडमध्ये कवी कुणाला तरी उद्देशून बोलतो, म्हणूनच मराठीत तिला उद्देशिका म्हणतात. पण बोलता बोलता त्याचा स्वतःचा विचारही पुढे सरकतो. इंग्रज कवी कीट्सची १८१९ मधली ‘ओड टू अ नाइटिंगेल’ पाहा. सुरुवात पक्ष्यापासून नाही, कवीच्या दुखऱ्या मनापासून होते. पक्ष्याला उद्देशून शब्द येतात ते पाचव्या ओळीत. शेवटी गाणे विरून जाते आणि आपण जागे आहोत की झोपेत, हा प्रश्न उरतो. या कवितेत फक्त स्तुती शोधणाऱ्याच्या हातून हा शेवट निसटतो.

सर्वाधिक घोळ होतो तो प्राचीन ग्रीक कवी पिंडरच्या नावावरून. ओळी लहानमोठ्या दिसल्या की ओड ‘पिंडरिक’, म्हणजे पिंडरच्या धाटणीची, असे ठरवून टाकतात. हा गैरसमज जुना आहे. इंग्रज कवी काउलीने १६५६ मध्ये मोकळ्या बांधणीच्या ओड पिंडरच्या नावाने छापल्या. पिंडरची रचना खरे तर काटेकोर असते, हे इंग्रज नाटककार काँग्रीव्हने १७०६ मध्ये दाखवून दिले. तिच्यात स्ट्रोफी, अँटिस्ट्रोफी आणि एपोड असे तीन भाग येतात. पहिल्या दोघांचा साचा एकच, तिसऱ्याचा वेगळा, आणि हेच त्रिकूट पुढे पुन्हा येते.

शंका असेल तर ओळी मोजा. इंग्रज कवी ग्रेच्या ‘द प्रोग्रेस ऑफ पोएझी’त १२, १२ आणि १७ ओळी, म्हणजे एका त्रिकुटात ४१. अशी तीन त्रिकुटे मिळून १२३. हिशेब जुळला की पहिल्या कडव्यातल्या लांब-आखूड ओळी दुसऱ्यात त्याच क्रमाने येतात का, तेही पाहा. एपोड म्हणजे समारोप असेही समजू नका. या कवितेत तो तीनदा येतो. वर्डस्वर्थच्या अमरत्वावरच्या ओडमध्ये ११ असमान कडवी आहेत. ती अनियमित ओड, पिंडरिक नव्हे.

रोमन कवी होरेसच्या वळणाची ओड ओळखणे सोपे: कडवी सारखी, सूर शांत आणि खासगी.

यमकाची अक्षरे मांडताना (सारख्या यमकाच्या ओळींना एकच अक्षर) प्रत्येक कडव्यात पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करा. ‘नाइटिंगेल’च्या दहा ओळींचा साचा अबअब कडइ कडइ असा आहे. ओळीत पाच आघात, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा, असतात, आठवीत मात्र तीनच. ती सरसकट पाच आघातांची धरली की मोजणी अडते, आणि दोष कवीच्या माथी मारला जातो.

सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, वाचायची सवय असलेल्यांची आणखी एक फसगत होते. शेलीच्या ‘ओड टू द वेस्ट विंड’चे पाचही भाग १४ ओळींचे आहेत, म्हणून ती पाच सुटी सुनीते समजली जातात. यमके तपासा: अबअ बकब कडक डइड इइ. इथे प्रत्येक तिपेडीची, म्हणजे तीन ओळींच्या गटाची, मधली ओळ पुढच्या तिपेडीला यमक पुरवते. अर्थही असाच गुंफलेला आहे. पहिल्या तीन भागांत वारा पाने, ढग आणि लाटा हलवतो. चौथ्यात कवीला स्वतःलाच पान, ढग, लाट व्हावेसे वाटते. तो भाग एकटा वाचला, तर नेमक्या याच तीन गोष्टी का, ते कळत नाही.